मुका मार

“या बाईचे हात कायम इतके गार का असतात? मेलेल्या माणसाने हात लावल्यासारखं वाटतं,” लोनी हार्कर कुरकुरला.

हे त्याने शैलाला सांगितलं नाही. आरशातून, मागे उभ्या असलेल्या मॅनेजरला सांगितलं. शैलाचं बोट तेव्हा त्याच्या डाव्या डोळ्याखाली होतं. मेकअपच्या खुर्चीत बसलं की माणसाला वाटतं, आपल्या तोंडावर वाकलेली बाई बहिरी आहे. शैलाला त्याची सवय होती. फिनिक्सजवळच्या चँडलरमध्ये, जिथे ती राहायची, ती लग्नांचे मेकअप करायची तेव्हा नवऱ्या मुलीसुद्धा होणाऱ्या सासूबद्दल वाट्टेल ते बोलून जायच्या.

“ट्रेलरचा एसी कमी करा, हात गरम होतील,” ती म्हणाली.

लोनी चपापला, मग हसला. “यस मॅम.” तो सगळ्याच बायकांना मॅम म्हणायचा आणि म्हणताना टोपीला हात लावायचा. टोपी नसली तर कपाळाला लावायचा. “तुमची मुलगी कशी आहे आज? टफ आहे हं पोरगी.”

“बरी आहे,” शैला म्हणाली, आणि त्याच्या नाकावरच्या फुटलेल्या लाल शिरा झाकायला घेतल्या.

लोनी हार्कर म्हणजे कंट्री गाण्यांचा मोठा स्टार. कंट्री म्हणजे इथलं गावाकडचं गाणं: गिटार, ट्रक, आई, दारू आणि सोडून गेलेली बायको. आवाज खरंच गोड होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण पन्नाशीला आल्यावर त्याला नट व्हायचं होतं. आधी एका पोलिसी मालिकेत तो स्वतःच्याच नावाने बारमध्ये गाऊन गेला. मग एका सिनेमात डेप्युटी झाला, तो मध्यंतराच्या आतच गोळी लागून मेला. मग नाताळच्या एका पिक्चरमध्ये विधुर आणि त्याचा कुत्रा. कुत्र्याने काम जास्त चांगलं केलं, असं लोकांनी छापलं होतं. तो कागद लोनीच्या मॅनेजरने लपवून ठेवला होता, आणि तो लोनीला पाठ होता.

मग ही मालिका आली. चँडलरपासून तासाभरावर, वाळवंटात, लाकडी फळ्यांचं एक जुनं गाव उभं केलेलं. लोनी त्यात एमस पाइक नावाचा जमीनदार करायचा, बायकोला मारणारा. बायकोचं काम करायची पेज नावाची नटी. पण पेजला कोणी हात लावत नसे. मार खायची वेळ आली की पेज खुर्चीत जाऊन बसे आणि तिच्या जागी, तिच्याच झग्यात, तिच्याच रंगाचा विग लावून शैलाची मुलगी सिया येऊन उभी राही. सिया स्टंट डबल होती. लहानपणी जिम्नॅस्टिक्स शिकली, कॉलेजात मानसशास्त्र शिकली, आणि आता पोटासाठी पायऱ्यांवरून गडगडायची. शैला या सेटवर आली ती सियाच्याच ओळखीने.

पडद्यावरची थप्पड गालापासून वीतभर लांबून जाते. कॅमेरा अशा बाजूला ठेवतात की ती वीत दिसू नये. जिला मारायचं तिने मान झटकायची. आवाज नंतर भरतात. शैलाला हे सियानेच घरी, किचनमध्ये उभं राहून समजावलं होतं, आईला दहा थपडा मारून. तेव्हा दोघी हसून हसून ओट्याला टेकल्या होत्या.

लोनीने ती वीत हळूहळू खाल्ली.

पहिल्यांदा केसांना धरून फरपटत नेण्याचा सीन होता. त्याने ठरलेल्यापेक्षा जोरात ओढलं आणि सियाची भुवई दाराच्या चौकटीवर फुटली. तोच टेक ठेवला. मालिका लागल्यावर लोकांनी लिहिलं, हा माणूस पाहून अंगावर काटा येतो, हा नट कुठे लपला होता इतकी वर्षं? कुत्र्याचा विषय कायमचा मिटला. लोनीला मुलाखतींना बोलावणी आली, बक्षिसांच्या यादीत नाव येणार अशी कुजबुज झाली, आणि दुसऱ्या सीझनमध्ये लिहिणाऱ्यांनी पाइकच्या हातात प्रत्येक भागात काहीतरी दिलं. पट्टा. लगाम. तव्याची मूठ.

त्या भुवईचं एक शैलाला विसरता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सियाचा डोळा जांभळा होऊन मिटला, तेव्हा निर्मातीणबाई शैलाकडे येऊन म्हणाली, “पुढच्या सीनमध्ये पेजचा क्लोजअप आहे. तिचा डोळा मॅच कर.” म्हणजे काय, तर एका खुर्चीत स्वतःची मुलगी बसवायची, दुसऱ्या खुर्चीत पेज, आणि मुलीचा डोळा बघून बघून पेजच्या डोळ्यावर काढायचा. शैलाने काढला. आत जांभूळ, कडेला हिरवट, त्याच्या बाहेर हळदीची पुसट रेघ. इथल्या मराठी मंडळाच्या नाटकांसाठी तिने रावण रंगवले होते, दाढ्या चिकटवल्या होत्या, सगळं बघून बघून शिकलेली. पण इतकं चांगलं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. सगळे म्हणाले, सो रिअल.

त्या दिवशी, हात गार असल्याच्या दिवशी, पाण्याचा सीन होता. घोड्यांना पाणी पाजायचा लांबलचक पत्र्याचा हौद. पाइक बायकोचं डोकं त्यात बुडवतो. ठरलं होतं असं: सियाने श्वास भरून घ्यायचा, नको झालं की लोनीच्या गुडघ्यावर थापटायचं, त्याने लगेच वर काढायचं. स्टंट बसवणारा गस, पांढऱ्या मिश्यांचा, दोन्ही गुडघे बदललेला म्हातारा, शॉटच्या आधी नेहमी विचारायचा, “गुड?”

“गुड,” सिया म्हणाली.

लोनीने तिला मानेला धरलं आणि खाली दाबलं. तिची हनुवटी आधी पत्र्याच्या कडेवर आपटली, मग चेहरा आत गेला. लोनी आपले संवाद बोलू लागला. चांगले बोलला. सियाचा हात त्याच्या गुडघ्यावर पडला, एकदा, दोनदा. ते संवाद संपले. लोनी थांबला नाही; त्याने मनाचे संवाद सुरू केले, तुला कितीदा सांगितलं, कितीदा सांगितलं. सियाचा हात आता थापटत नव्हता, ओरबाडत होता. झग्याखालून तिचे बूट चिखल उडवत होते. एक बूट निघून पडला. मॉनिटरपाशी दिग्दर्शक हलकेच म्हणाला, “गॉर्जस.” गसने एक पाऊल पुढे टाकलं आणि मिश्यांवरून हात फिरवत ते मागे घेतलं.

शैला पावडरचा पफ मुठीत धरून उभी होती. पफमधून पावडर गळत होती.

“कट!”

सिया वर आली ती आधी ओकली. पाणी आणि त्यात लाल. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि लोनी तिच्यासमोर चिखलात गुडघ्यांवर बसला, डोळ्यात खरोखर पाणी. “सॉरी, लिटल बिट. मी कुठेतरी निघूनच गेलो होतो.” लिटल बिट म्हणजे चिमुरडी; सियाला तो याच नावाने हाक मारायचा.

“ही वेंट समव्हेअर,” दिग्दर्शक सगळ्यांना आदराने म्हणाला.

असे बरेच शब्द होते त्या सेटवर. लोनी स्वतःला झोकून देतो. लोनीला स्वतःची ताकद कळत नाही. थोडा कॉन्टॅक्ट झाला. त्या एका साध्या क्रियापदाला टाळून अमेरिकन माणसं किती लांबून चालत जातात, हे शैला बघत होती. अर्थात ती स्वतःही त्यांच्याच मागून चालत होती.

ट्रेलरमध्ये तिने सियाच्या हनुवटीवर बर्फ धरला. “तू थापटलंस. मी पाहिलं.”

“मॉम, डोन्ट.”

“त्याला कळत होतं. त्याने तुझा हात गुडघ्याने बाजूला केला.”

“आय नो व्हॉट ही डिड. मी तिथे होते ना?” सियाचे दात वाजत होते. मग ती इंग्रजीतच, हळू आवाजात बोलली. हा सीझन संपला की गस तिचं नाव एका मोठ्या सिनेमासाठी सुचवणार होता, मुख्य नटीची डबल म्हणून. गोठ्याचा सीन तेवढा राहिला होता. आत्ता तक्रार केली तर ती जन्मभर तक्रार करणारी मुलगी, आणि आईने केली तर त्याहून वाईट. “तू एक शब्द बोललीस ना, तर मला कोणी कधीच काम देणार नाही. कधीच. प्रॉमिस कर.”

शैलाने प्रॉमिस केलं. लेकीचे दात वाजत असताना आई काहीही कबूल करते.

गोठ्याच्या सीनमध्ये पाइक बायकोच्या गळ्यात दोर घालून तिला तुळईवर ओढणार होता. झग्याच्या आतून पट्टे असतात, सगळा भार कमरेवर येतो, गळ्यातला दोर नुसता दाखवायचा. फक्त तो दोर लोनीच्या हातात असणार होता.

रविवारी जेवायला विनय आणि रत्ना आले. विनय श्रीरंगच्या कंपनीतला, दोघं कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कारखान्यात एकाच मजल्यावर. श्रीरंग म्हणजे शैलाचा नवरा. कमी बोलणारा, भांडीही न वाजवता घासणारा माणूस. त्याने हॉलमधल्या काचेच्या कपाटात, चांदीच्या समयांच्या शेजारी, व्हिस्कीच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात चामड्याची दोरी आणि लोनीच्या सहीचं कार्ड: लिटल बिटला, प्रेमाने.

“आयला! खरंच लोनी हार्करने पाठवल्या?” विनयने काचेला नाक लावलं. “श्री, एक उघडू या ना यार. तू पीत नाहीस, शैला पीत नाही, समया पिणार आहेत का?”

“अगं पण इतक्या?” रत्ना म्हणाली. “सिया, खरं सांग, लग्नबिग्न करतोय की काय तो? काय वय असेल गं त्याचं? केस तर छान आहेत.”

“इट्स जस्ट अ सेट थिंग, मावशी,” सिया म्हणाली. हनुवटीवर तिने मेकअप केला होता, स्वतःच. आईला करू दिला नव्हता.

सेट थिंगच होती ती. स्टंटवाल्यांची जुनी रीत आहे: ज्याच्या हातून खरा मार लागला त्याने ज्याला लागला त्याला बाटली पाठवायची. बाटली आली की विषय संपला, मनात काही ठेवायचं नाही. भुवईची एक, हौदाच्या आदल्या दिवशी बरगडीत लाथ बसली त्याची एक, हौदाची सगळ्यात महागडी, लाकडी खोक्यातून. श्रीरंगला पहिली बाटली बक्षीस वाटली होती. एवढ्या मोठ्या कलाकाराने आपल्या पोरीचं कौतुक केलं म्हणून त्याने ती कपाटात ठेवली, आणि कोणी आलं की दिवा लावून दाखवायचा.

विनयने भुवईची उघडली. सियाने पोळ्यांचा डबा उचलायला हात लांब केला आणि तिचा श्वास मध्येच अडकला. कोपर बरगडीला घट्ट चिकटवून ती तशीच थांबली. श्रीरंगने ते पाहिलं. शैलाने त्याला पाहताना पाहिलं. तो उठला आणि बर्फ आणायला आत गेला.

शैला मागोमाग गेली. “बाटल्या कशाच्या आहेत माहितीये तुला?”

“शैला, लोक बसलेत बाहेर.”

“माहितीये की नाही?”

त्याने बर्फाचा ट्रे पिळला. खडे सिंकमध्ये उडाले. “ती मोठी आहे,” तो सिंककडे बघत म्हणाला. “काही असतं तर तिने सांगितलं असतं.”

पाहुणे गेल्यावर शैलाने आंबेहळद उगाळली. सिया टी-शर्ट वर करून सोफ्यावर कुशीवर झोपली. बरगड्यांवर बुटाच्या पंजाएवढा डाग होता. मुका मार, शैलाच्या आईने म्हटलं असतं, वरून काही दिसत नाही पण आत ठणकतं. इथे तर वरूनही दिसत होतं. शैलाने लेप लावला, आणि तिच्या लक्षात आलं की आपण रंग लक्षात ठेवतोय. उद्या पेजच्या पाठीचा सीन होता.

सोमवारी ती गसला गाठायला गोठ्यात गेली. प्रॉमिस लोकांसमोर बोलायचं नाही असं होतं, गसशी बोलायचं नाही असं नव्हतं. आयांना अशा वाटा सापडतात. गस तुळईवरची कप्पी तपासत होता.

“दोर दुसऱ्या कोणाच्या हातात देता येईल?”

“लोनीला स्वतः ओढायचाय. चेहरा आणि हात एकाच फ्रेममध्ये हवेत.”

“गस, तू पाहिलंस हौदात काय झालं ते.”

गस शिडीवरून सावकाश उतरला, एकेक गुडघा सांभाळत. “मी दर वेळी तिला विचारतो. ती दर वेळी गुड म्हणते. ती गुड म्हणाली की मी काय करू, मॅडम?”

“ती तुझ्या भरवशावर गुड म्हणते.”

गसने मिशीवरून हात फिरवला आणि परत शिडी चढला.

गोठ्याचं शूटिंग बुधवारी होतं. त्याच्या आदल्या सकाळी लोनी फिनिक्सच्या एका टीव्ही कार्यक्रमात जाणार होता. थेट प्रक्षेपण, समोर शंभरेक प्रेक्षक, पिवळा सोफा, टेबलावर कॉफीचे मग. नाकाच्या शिरांसाठी त्याला शैलाच लागायची, म्हणून ती गेली. सूत्रधारबाईंना पडद्यामागची मारामारी दाखवायची होती, म्हणून सियालाही बोलावलं. आणि मुलगी टीव्हीवर येणार म्हणून श्रीरंगने रजा टाकली आणि तो प्रेक्षकांत दुसऱ्या रांगेत फोन धरून बसला.

आधी लोनी गायला. आईवरचं गाणं. पुढच्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या समोर गुडघा टेकून त्यांचा हात धरून गायला, आणि आजीबाई रडल्या. शैलाही क्षणभर त्याच्याबरोबर ती ओळ गुणगुणली, आणि त्याचा तिला मनस्वी राग आला. सूत्रधारबाईंनी डोळे टिपले आणि विचारलं, “इतका गोड माणूस एमस पाइकसारखा राक्षस कसा होतो?”

“मॅम, मी ॲक्टिंग शिकलेलो नाही,” लोनी म्हणाला. “मी फक्त जे वाटतं ते करतो.”

टाळ्या.

मग सिया आली, जीन्स आणि पांढऱ्या शर्टात, विग नाही, झगा नाही. पहिल्यांदाच ती आपल्या स्वतःच्या चेहऱ्याने त्याच्यासमोर उभी होती. तिने हसत हसत प्रेक्षकांना ती वीत दाखवली. लोनीने हळू थप्पड मारली, हात गालापासून लांबून गेला, सियाने मान झटकली, लोक हसले. पुन्हा केलं. पुन्हा हसले. या बाजूने बघणाऱ्यांना सगळं खोटं दिसत होतं, आणि लोनीला ते हसू नीट झेपत नसावं. त्याच्या मानेची शीर मेकअपखालून वर आली. ती शीर शैलानेच झाकली होती.

“आता एकदा खऱ्या स्पीडने!” सूत्रधारबाई म्हणाल्या. “पाइकसारखं!”

सियाने पाय रोवले. इथे गस नव्हता, कोणी काही विचारलं नाही.

हाताची मूठ वळलेली होती. ती तिच्या तोंडावर बसली तेव्हा ओल्या लाकडावर लाकूड मारल्यासारखा आवाज झाला, आणि तो कोणी नंतर भरलेला नव्हता. सिया टेबलावर पडली. कॉफीचे मग फुटले, कॉफी उडाली, टेबलाची काच तिच्या कोपराखाली तडकून विखुरली. लोनी पुढे झाला, तिच्या शर्टाची कॉलर धरली, तिला अर्धवट उचललं आणि उलट्या हाताने दुसरी दिली. हे ठरलेलं नव्हतंच. तिचं डोकं सोफ्याच्या लाकडी हातावर आदळलं. मग लोनीने तिला सोडलं, मागे सरला, आणि टोपीला हात लावला.

सगळं सभागृह उभं राहिलं. शिट्ट्या वाजल्या. आजीबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या.

“ओ माय गॉड, किती खरं!” सूत्रधारबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. “सिया, हे कसं जमवता तुम्ही?”

सिया गुडघ्यांवर उठायचा प्रयत्न करत होती. ओठ उभा फाटला होता. शर्टाची पुढची बाजू लाल होत चालली होती. तिने हसायचा प्रयत्न केला, दातांवर रक्त होतं, आणि ती अंगठा वर करायला गेली, पण हात तिथवर पोचला नाही.

शैला कॅमेऱ्याच्या मागून निघाली. फ्लोअर मॅनेजरने तिची बाही धरली, ती सुटली. कमरेला ब्रशांचा पट्टा, हातात टिशूंचा गठ्ठा. ती दिव्यांच्या उजेडात आली आणि फुटलेल्या काचांवर बसली. टिशू ओठाला लावला. सियाने डोळ्यांनीच सांगितलं: नको. आई, नको.

“आणि या बघा आमच्या पडद्यामागच्या जादूगार!” सूत्रधारबाईंना कोणीतरी कानात सांगितलं असावं. “सियाच्या आई, बरं का! या मालिकेतल्या सगळ्या जखमा याच करतात.” त्या माइक घेऊन वाकल्या. त्यांचा सेंट आणि रक्ताचा वास एकत्र आला. “मॅम, आमच्या प्रेक्षकांना सांगा ना, हे रक्त कसं बनवता?”

दुसऱ्या रांगेत श्रीरंग उभा होता. फोन त्याने खाली केला होता. लोनी हसत होता, डोळे मात्र शैलावर. “मॅम,” तो म्हणाला, अगदी हळू, अदबीने.

रक्त टिशू भिजवून शैलाच्या बोटांपर्यंत आलं. गरम होतं.

“मी नाही बनवलं,” ती माइकमध्ये म्हणाली. “हे तिचंच आहे. भुवईही तिचीच फुटली होती, हौदातही तीच बुडत होती. हा ॲक्टिंग करत नाही हो. हा माझ्या मुलीला मारतो.”